अपुरी गेम जपायची तर आधी हात आवरा

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही मँचेस्टरला राहता. शेजारच्या आजींनी घर आवरताना त्यांच्या दिवंगत यजमानांचा एक खोका तुमच्या हवाली केला. ते गृहस्थ ऐंशीच्या दशकात घरी बसून कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकांसाठी गेम लिहायचे. खोक्यात सव्वापाच इंची फ्लॉप्या, काही कॅसेटी, टणक कवचाची एक छोटी डिस्क, दोन इवलीशी कार्ट्रिजं आणि आलेखवहीत चौकोन रंगवून काढलेली चित्रं आहेत. एका फ्लॉपीवर पेनाने 'डेमो, अजून अपुरा' असं लिहिलंय आणि त्या नावाची गेम बाजारात आल्याची कुठेच नोंद सापडत नाही. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणून हे कॉपी करता येईल का, गेम नेटवर टाकावी का, आणि तुमचा प्रोग्रामर मित्र म्हणतो तशी ती पूर्ण करून घ्यावी का.

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं, इतक्यात नाही. तिसऱ्याचं, खुशाल करा, पण मूळ प्रतीला बोट न लावता.

बाजारात येऊन गेलेली गेम जपणं तुलनेने सोपं. तिच्या हजारो कॅसेटी विकल्या गेलेल्या असतात. एक वाचता आली नाही तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी. अप्रकाशित गेमची मात्र बहुतेक वेळा एकच प्रत जगात उरलेली असते, आणि ती चाळीस वर्षं माळ्यावर पडलेली असते. पुढचं वाचन हे तिचं शेवटचं वाचन ठरू शकतं. त्यामुळे या कामात कौशल्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी काय, मग काय, हे चुकलं की पुढे कितीही हुशारी दाखवली तरी उपयोग नसतो. खोका घरी आल्याबरोबर 'बघू तरी चालतेय का' म्हणून जुन्या मशीनमध्ये फ्लॉपी घालणं हा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा.

आता यूएसबी ड्राइव्हचं. बाजारात मिळणारे यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंची पीसी फ्लॉपीसाठी असतात आणि त्यांना पीसीच्याच पद्धतीने लिहिलेलं तेवढं कळतं. कमोडोरचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह वेगळ्याच पद्धतीने लिहितो. त्याच्या डिस्कवर ३५ ट्रॅक, म्हणजे एकात एक वर्तुळं, पण प्रत्येक ट्रॅकवर सारखे सेक्टर, म्हणजे माहितीचे तुकडे, नाहीत: बाहेरच्या १७ ट्रॅकवर २१-२१, मग १९, मग १८ आणि आतल्या शेवटच्या पाचांवर १७. एकूण ६८३ सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट. ही रचना पीसीच्या कंट्रोलरच्या गावीही नाही. ड्राइव्हने 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?' असं विचारलं आणि कुणी सवयीने हो म्हटलं, तर विषयच संपला.

म्हणून वाचायचं ते बाइट नव्हे, तर डिस्कवरचे चुंबकीय बदल, जसे आहेत तसे. याला आम्ही फ्लक्स इमेज म्हणतो. ग्रीझविझल नावाचा एक खुल्या रचनेचा बोर्ड यासाठी मिळतो. जुन्या पीसी फ्लॉपी ड्राइव्हला तो जोडायचा आणि तो संगणकाला यूएसबीने. क्रायोफ्लक्स हे याच कामाचं दुसरं साधन. २०१४ साली अँडी वॉरहॉलची १९८५ मधली अमिगा संगणकावरची चित्रं त्याच्याच फ्लॉप्यांवरून परत मिळवली गेली, ती क्रायोफ्लक्सच्या मदतीने. फ्लक्स घेण्याचा फायदा असा की अर्थ नंतर लावता येतो. आज एखादा सेक्टर चुकीचा वाचला गेला तरी कच्ची नोंद हातात असते. उद्या चांगलं सॉफ्टवेअर आलं की त्याच नोंदीतून तो सेक्टर निघू शकतो, डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे खरा १५४१ ड्राइव्ह, झूमफ्लॉपी नावाचं जोडणीचं कार्ड आणि निबटूल्स हे सॉफ्टवेअर. कमोडोरच्या फ्लॉप्यांसाठी मला हा रस्ता कधीकधी जास्त आवडतो, आणि त्याला कारण आहे. १५४१ च्या हेडची, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाची, जागा कालांतराने सरकते. चूक आली की तो हेड मागे नेऊन आडकाठीवर खडखड आपटतो, आणि अशी वर्षानुवर्षं आपटाआपटी झाली की ड्राइव्ह स्वतःच्या वाकड्या मापाने लिहू लागतो. तशा ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसऱ्या सुस्थितीतल्या ड्राइव्हला नीट वाचता येत नाही, पण त्याच ड्राइव्हला सुरळीत वाचता येते. तेव्हा आजींना विचारा, यजमानांचा ड्राइव्ह अजून माळ्यावर आहे का. असेल तर तोही जपा, आणि त्याचा हेड कुणालाही 'दुरुस्त' करू देऊ नका. आधी त्यातल्या बेल्ट आणि वीजपुरवठ्याची तपासणी, मग एखादी बिनमहत्त्वाची डिस्क लावून चाचणी, आणि मगच यजमानांच्या फ्लॉप्या.

कमोडोरवाले फ्लॉपीची खाच दुसऱ्या बाजूला कापून ती उलटी करूनही वापरत. १५४१ ला फ्लॉपीतल्या छोट्या इंडेक्स छिद्राची गरज नसते म्हणून हे चालायचं. पीसी ड्राइव्ह मात्र ते छिद्र शोधत बसतो आणि उलट्या बाजूला काहीच नाही असं सांगतो. फ्लॉपीला दोन्हीकडे खाच दिसली तर दुसऱ्या बाजूलाही काहीतरी आहे असं धरून चाला. अप्रकाशित गेमच्या बाबतीत कामाची गोष्ट बरेचदा त्या मागच्या बाजूलाच असते, कारण पुढच्या बाजूला दाखवायचा डेमो आणि मागे सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) अशी अनेकांची विभागणी असे.

वाचण्याआधीची तयारी कंटाळवाणी आहे, पण ती चुकवू नका. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, लेबलावरचं खोडलेलं अक्षरही दिसेल असा. लेबल सुटत असेल तर चिकटवायला जाऊ नका, पारदर्शक पाकिटात वस्तूसोबत ठेवा. खोक्यात काय कशाच्या शेजारी होतं हेही लिहून ठेवा. मग लेखनबंदी: सव्वापाच इंची फ्लॉपीची खाच चिकटपट्टीने बंद केली की लिहिणं बंद होतं, साडेतीन इंचीत नेमकं उलटं, खिडकी उघडी असली की लिहिणं बंद, कॅसेटची मागची पाकळी मोडलेली असली की बंद. ही उलटसुलट पद्धत पाठ नसेल तर कागदावर लिहून भिंतीला लावा.

मग बुरशी. फ्लॉपीच्या लांबट फटीतून आतली चकती हळूहळू फिरवत, तिरप्या उजेडात सगळा पृष्ठभाग बघा. पांढुरके ठिपके किंवा धूसर वर्तुळं दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशीचे कण हेडला चिकटतात, तो हेड मग या फ्लॉपीचं आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीचं चुंबकीय आवरण खरवडून काढतो. अशा फ्लॉपीचं कवच कापून चकती बाहेर काढतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने न तुटणाऱ्या धाग्याच्या कापडाने हलक्या हाताने पुसतात, पूर्ण वाळवतात आणि स्वच्छ कवचात घालून एकदा वाचतात. आधी रिकाम्या फ्लॉपीवर हात बसवून घ्या. दोन फ्लॉप्यांच्या मध्ये ड्राइव्हचा हेड पुसायचा, हेही नियमाने.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांना इथे थोडं वेगळं सांगायला हवं. १९८४ च्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून भारतातल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले होते, आणि स्पेक्ट्रमची डीबी स्पेक्ट्रम प्लस ही परवाना घेऊन बनवलेली भारतीय आवृत्ती इथे विकली जायची. त्या काळच्या फ्लॉप्या आणि कॅसेटी शाळांच्या कपाटांत, मास्तरांच्या घरी अजूनही निघतात. त्यांवर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या छोट्या गेमही असू शकतात, ज्या कुणी कधी 'प्रकाशित' करायचा विचारही केला नाही. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यातून गेलेली फ्लॉपी बुरशी नसल्याची खात्री होईपर्यंत बुरशीचीच समजा. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवून ती कोरडी होऊ द्या आणि पाहणी झाल्यावरच हात घाला.

फ्लक्स इमेज मिळाल्यावर त्यातून नेहमीच्या वापरासाठी डी६४ फाइल, म्हणजे डिस्कवरच्या सेक्टरांची सरळ प्रत, काढायची. पूर्ण ३५ ट्रॅकची असेल तर तिचा आकार १,७४,८४८ बाइट भरतो. मूळ फ्लक्स फाइल, डी६४, फोटो आणि साध्या मजकुरातली टिपणाची फाइल एका फोल्डरात ठेवा, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हा ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून लिहून ठेवा आणि तीन ठिकाणी प्रती करा, त्यातली एक घराबाहेर. इथून पुढे सगळा खेळ प्रतीवर. कमोडोरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे व्हाइस हा एम्युलेटर, वापरताना डिस्क 'फक्त वाचनासाठी' म्हणून जोडा. नाहीतर गेम खेळून हरलात की ती इमानदारीने तुमचा हायस्कोअर ऐंशीच्या दशकातल्या डिस्कवर लिहून मोकळी होते, आणि ठसा जुळेनासा झाल्यावर आपण डोकं खाजवत बसतो.

आता सगळ्यात रोचक भाग. डिस्कवरची फाइल-यादी वाचून 'अरेरे, इथे तर तीनच फाइली आहेत' असं म्हणून लोक थांबतात. थांबू नका. कमोडोरची यादी ट्रॅक १८ वर असते. प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची, एका सेक्टरमध्ये आठ नोंदी. नोंदीतला तिसरा बाइट फाइलचा प्रकार सांगतो. तिथे १३० असेल तर ती नीट बंद केलेली प्रोग्रॅम फाइल. २ असेल तर लिहिताना मध्येच सुटलेली. यादीत तिच्या प्रकाराआधी तारा दिसतो. आणि ० असेल तर ती पुसलेली. पुसलेली म्हणजे काय, तर एवढाच एक बाइट शून्य केला आणि तिचे सेक्टर 'मोकळे' म्हणून नोंदवले. नाव तसंच आहे, चौथ्या-पाचव्या बाइटमध्ये पहिल्या सेक्टरचा पत्ताही तसाच. त्या सेक्टरवर जा: त्याचे पहिले दोन बाइट पुढच्या सेक्टरचा ट्रॅक आणि क्रमांक सांगतात, तिथून पुढच्याचा, असं करत शेवटच्या सेक्टरपर्यंत. तिथे ट्रॅकच्या जागी शून्य असतं आणि दुसरा बाइट सांगतो की माहिती कुठे संपते. मधल्या काळात त्या सेक्टरवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर अख्खी फाइल परत मिळते.

नुसतं नाव बदलून केलेल्या झटपट फॉरमॅटमध्ये, म्हणजे नवा आयडी न देता केलेल्या, यादीचा पहिला सेक्टर आणि मोकळ्या सेक्टरांचा तक्ता तेवढा नव्याने लिहिला जातो. बाकीच्या डिस्कवर जुनं सगळं जागच्या जागी असतं. फ्लॉप्या महाग असल्याने प्रोग्रामर मंडळी त्या पुन्हा पुन्हा वापरत. 'इन्कम टॅक्स' असं लेबल लावलेल्या फ्लॉपीखाली गेमचा आधीचा टप्पा दडलेला असू शकतो. म्हणून लेबल काहीही म्हणो, खोक्यातली प्रत्येक फ्लॉपी पूर्ण उतरवा, रिकामी दिसणारीसुद्धा.

तुमच्या खोक्यातल्या आलेखवहीचं मोल इथे कळतं. कमोडोर ६४ चा स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलणारं छोटं चित्र, २४ ठिपके रुंद आणि २१ उंच असतो, म्हणजे ६३ बाइट, आणि सोयीसाठी ६४ ला एक. वहीत २४ बाय २१ च्या चौकटी आखलेल्या दिसल्या तर त्या स्प्राइटच्याच. पहिल्या ओळीतले रंगवलेले चौकोन एक आणि मोकळे शून्य धरून तीन बाइट बनवा, अशा दोन-तीन ओळींचे बाइट घ्या आणि तीच मालिका सगळ्या डिस्क इमेजमध्ये शोधा. सापडली तर त्या तुकड्याला नाव मिळालं: ही चेटकीण, हा पहारेकरी, आणि हा वहीत आहे पण डिस्कवर नाही, म्हणजे एकतर करायचा राहिला किंवा दुसऱ्या फ्लॉपीवर आहे. नुसत्या डिस्कवरून हे कुणाला सांगता आलं नसतं. स्पेक्ट्रमकडे असाच एक ओळखीचा आकडा आहे, ६,९१२. एवढ्याच बाइटची फाइल दिसली की ती पडद्याचं पूर्ण चित्र, बहुधा लोडिंग स्क्रीन, म्हणजे गेम लोड होताना दिसणारं चित्र.

कॅसेटींचं काम स्वस्त आहे, पण त्याला कान लागतो. चांगला टेप डेक घ्या, डॉल्बी बंद, आवाज आपोआप कमी-जास्त करणारं काहीही बंद, आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. एमपी३ नको, ती माणसाच्या कानाला न कळणारं गाळते आणि स्पेक्ट्रमला नेमकं तेच लागतं. हेडशेजारच्या स्क्रूने हेडचा तिरपेपणा जुळवावा लागतो: हळूहळू फिरवत आवाज सगळ्यात धारदार होईल तिथे थांबायचं. कॅसेटमधली फोमची गादी सुटलेली असेल तर फीत हेडला टेकतच नाही; स्क्रूवाल्या चांगल्या कवचात रिळं हलवा.

स्पेक्ट्रमच्या रॉममधून (मशीनमधल्या कायमच्या प्रोग्रॅममधून) सेव्ह केलेल्या फाइलीत आधी पाच सेकंदांची लांबलचक शिट्टी, मग नाव-आकाराचा छोटा तुकडा, पुन्हा दोन सेकंदांची शिट्टी आणि मग माहिती. शून्याचा स्पंद सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचा, एकाचा दुप्पट. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तपासणीचा एक बाइट असतो, त्यामुळे उतरवलेलं बरोबर आहे का हे तिथल्या तिथे कळतं. कमोडोरची रॉम तर सगळी माहिती टेपवर दोनदा लिहिते. एक प्रत फाटली तर दुसरीतून भरून काढता येते. विकायच्या कॅसेटींवर टर्बो लोडर (गेम झटपट लोड करणारे प्रोग्रॅम) असत, पण घरच्या कामाच्या कॅसेटींवर बहुधा साधं सेव्हच सापडतं. कॅसेट पूर्ण ऐका, दोन्ही बाजू, शेवटच्या शांततेसकट. बरेचदा एकाच कॅसेटवर एकामागून एक तेच नाव आणि वाढता आकडा सापडतो. त्या आवृत्त्या आहेत. सगळ्या ठेवा.

टणक कवचाची जी छोटी डिस्क आहे ती तीन इंची असणार, अॅमस्ट्रॅड, स्पेक्ट्रम प्लस थ्री किंवा टाटुंग आइन्स्टाइन यांपैकी एखाद्या संगणकाची. आइन्स्टाइन दुकानात फारसा चालला नाही, पण बरेच प्रोग्रामर स्पेक्ट्रमच्या गेम त्यावर लिहीत, त्यामुळे या एका डिस्कवर मूळ सोर्स कोड असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. आणि ती दोन इवलीशी कार्ट्रिजं सिंक्लेअरची मायक्रोड्राइव्ह. त्यांत जेमतेम पाच मीटर फितीचं एक सलग वेटोळं असतं, ८५ केबीच्या आसपास मावणारं, आणि आत एक फोमची गादी जी आत्तापर्यंत भुसा झालेली असते. ती बदलल्याशिवाय कार्ट्रिज फिरवलं तर फीत गुंडाळून तुटते. या तीन वस्तूंना तुम्ही हात लावू नका. ज्याने हे काम आधी केलंय अशाकडे द्या.

आता ही गेम खरंच अप्रकाशित आहे का. कमोडोरच्या डिस्कवर फाइलीची तारीख नोंदवलीच जात नाही, टेपवरही नाही. त्यामुळे काळ ठरवायला बाहेरचे पुरावे लागतात. क्रॅश हे गेमचं मासिक १९८४ ला सुरू झालं, झॅप ६४ हे १९८५ ला. त्यांचे अंक स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. 'लवकरच येत आहे' या पानांवरून आणि जाहिरातींतून नाव शोधा. नावं बदलत, हेही ध्यानात ठेवा: अपुरी वाटणारी गेम दुसऱ्या नावाने, दुसऱ्या कंपनीकडून विकली गेलेली असू शकते. अप्रकाशित गेमचा मागोवा घेणारे गेम्स दॅट वेरन्ट हे संकेतस्थळ आहे, कमोडोरसाठी सीएसडीबी हे नोंदींचं संकेतस्थळ आहे, आणि एचव्हीएससी या संगीतसंग्रहात कधीच न आलेल्या गेमच्या धूनही नोंदलेल्या आहेत. गेम हरवली पण तिचं संगीत उरलं, असं बऱ्याचदा झालंय.

मात्र जाहिरात म्हणजे पुरावा नव्हे. लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअरने १९८४ मध्ये बँडरस्नॅच आणि सायक्लॅप्स या 'मेगागेम'चा केवढा गाजावाजा केला होता. सोबत जादा हार्डवेअर, किंमत नेहमीच्या गेमच्या कितीतरी पट. त्याच जुलैत कंपनी बुडाली, आणि बीबीसीचा माहितीपट करणारे लोक योगायोगाने तेव्हा तिथेच चित्रीकरण करत होते. बँडरस्नॅचच्या कल्पना पुढे सिग्नोसिस या कंपनीच्या ब्रॅटाकस या गेममध्ये उतरल्या. सायक्लॅप्स जाहिरातीपलीकडे फारशी गेलीच नव्हती. अल्टिमेट या कंपनीच्या अंडरवर्ल्ड गेममधून बाहेर पडायचे तीन मार्ग पुढच्या तीन गेमची नावं सांगतात: नाइट लोअर आली, पेंटाग्राम आली, मायर मेअर कधीच आली नाही. एलिट या कंपनीने स्कूबी डू ची कार्टूनसारखी भव्य गेम जाहीर केली, ती मशीनच्या स्मृतीत मावेना, आणि १९८६ ला त्या नावाने साधी मारामारीची गेम आली. तेव्हा चाळीस वर्षं लोक ज्याला 'हरवलेली गेम' म्हणतात ती मुळात चार पडदे आणि एक जाहिरात एवढीच असू शकते. ते चार पडदेही जपावेत, पण नोंदीत ते चार पडदेच म्हणून लिहावेत.

तुमच्या मित्राबद्दल. अपुऱ्या गेमचं सगळं मोल ती कुठे थांबली यात असतं. दुसऱ्या टप्प्यावरचा राक्षस भिंतीतून आरपार जातो, तिसऱ्या टप्प्याला चित्रंच नाहीत, गुणफलकाच्या जागी प्रोग्रामरने स्वतःसाठी ठेवलेले आकडे पळताहेत: हे दोष नव्हेत, ती कामाची अवस्था आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करणाऱ्यांनी पोथ्यांतले पाठभेद पुसले नाहीत, तळटीपेत जपले. तीच शिस्त इथेही लागते. मित्राला हवी तेवढी गेम पूर्ण करू द्या, पण त्याच्या आवृत्तीला वेगळं नाव, वेगळी फाइल, सुरुवातीच्या पडद्यावर त्याचं नाव आणि साल. आणि त्याआधी मूळ डिस्क इमेज सुरक्षित जागी पोचलेली हवी. उलट झालं की सुधारलेली आवृत्तीच जगभर फिरते आणि दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही की कुठला कोड तेव्हाचा आणि कुठला परवाचा. मूळ जशाच्या तसं ठेवण्याचा एक चांगला नमुना म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनरच्या वडिलांना २०१२ मध्ये ॲपल टू संगणकावरच्या या गेमच्या सोर्स कोडच्या डिस्क घरात सापडल्या. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ यांनी त्या उतरवल्या आणि कोड आहे तसा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवला गेला.

नेटवर टाकण्याबद्दल. डिस्क आजींची आहे, पण डिस्कवरच्या गेमचा कॉपीराइट कुणाचा हा वेगळा प्रश्न. ब्रिटनमध्ये तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. यजमान कंपनीत नोकरीला असते तर हक्क कंपनीचे. पण ते घरून स्वतंत्रपणे काम करायचे म्हणता, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सही केलेला लेखी करार लागतो. खोक्यात कागद असतील तर असा करार शोधा. तो नसेल तर हक्क आजींकडे आले असण्याची बरीच शक्यता आहे, आणि मग त्यांची लेखी परवानगी पुरते. करार असेल तर कंपनीचं पुढे काय झालं ते पाहावं लागेल. मँचेस्टरची ओशन १९९६ ला इन्फोग्राम्सने घेतली, शेफील्डची ग्रेमलिन १९९९ ला, आणि इन्फोग्राम्स पुढे अटारी झाली. अशा साखळीत आज मालक कोण हे निदान शोधता तरी येतं. कंपनी बरखास्त झाली असेल तर तिची उरलेली मालमत्ता, कॉपीराइटसकट, राजसत्तेकडे जाते, आणि तुमच्या लँकेशायर-मँचेस्टर भागातल्या कंपनीची तर डची ऑफ लँकेस्टर या राजघराण्याच्या वेगळ्या जहागिरीकडे! गेम एखाद्या सिनेमावर किंवा कार्टूनवर असेल तर तो हक्क आणखी निराळा. हे सगळं सुटेपर्यंत जपणूक थांबवायची गरज नाही. केंब्रिजचं सेंटर फॉर कंप्युटिंग हिस्टरी आणि शेफील्डचं नॅशनल व्हिडिओगेम म्युझियम अशा संस्थांशी बोला. वस्तू आणि डिस्क इमेज तिथे ठेवणं आणि सगळ्यांना डाउनलोड करू देणं या दोन निराळ्या पायऱ्या आहेत.

संपूर्ण डिस्क इमेज तशीच सार्वजनिक करू नका, हक्क मिळाले तरी. पुसलेल्या सेक्टरांतून गेमबरोबर घरची पत्रं, बँकेचा हिशेब, मित्रांचे फोन नंबरही वर येतात. पूर्ण प्रत संग्रहासाठी बंद ठेवा आणि खाजगी भाग वगळलेली दुसरी प्रत लोकांसाठी, काय वगळलं ते टिपणात नोंदवून. काय वगळायचं हे आजींनी ठरवावं.

आणि आजींशी बोलायचं काम फ्लॉप्यांच्याही आधी करा. त्यांना प्रोग्रामिंग ठाऊक नसेल, पण कुठल्या वर्षी ते रात्र रात्र जागायचे, कुणाचा फोन आला आणि काम थांबलं, पैसे बुडाले का, चित्रं किंवा संगीत दुसरं कुणी करायचं का, हे त्यांनाच माहीत असणार. चित्रकार किंवा संगीतकार वेगळा असेल तर त्याच्याही माळ्यावर एक खोका असू शकतो, आणि त्यात याच गेमची वेगळी प्रत. आजींची हरकत नसेल तर बोलणं रेकॉर्ड करा. सोबत आलेखवही न्या, पानं उलटत बोला. कामाला लागलात की त्या 'अजून अपुरा' लेबलाचा आणि तीन इंची डिस्कच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो पाठवा, म्हणजे ती कुठल्या मशीनची आणि कुणाकडे द्यायची ते नेमकं सांगता येईल.